बाळंतिणीचे डोहाळे

दिवाळी अंकाची वेळ आली की संपादकांचा निरोप येतो, "ताई, यंदा काहीतरी खुसखुशीत येऊ द्या." त्याप्रमाणे गेल्या वर्षी मी याच सदरात चकलीच्या सोऱ्याची गोष्ट लिहिली होती. पुष्कळांना ती आवडली. कुणी पत्रे पाठवली, कुणी फोन केले. एका बाईंनी तर आपल्या घरच्या सोऱ्याची साद्यंत कुळकथा लिहून कळवली. त्या साऱ्यांची मी ऋणी आहे. पण आज एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ती चकलीची गोष्ट मी ज्या टेबलाशी बसून लिहीत होते, त्याच्या पलीकडच्याच खोलीत माझी धाकटी लेक बाळंतपणाला आलेली होती आणि रोज रडत होती. मला ते ठाऊक नव्हते असे नाही. बाळंतीण थोडीफार रडायचीच, असे मनाशी म्हणून मी लेखणी पुढे चालवत होते.

तेव्हा यंदाचा लेख खुसखुशीत नाही. संपादकांनी आणि वाचकांनी एवढ्या वेळेला सांभाळून घ्यावे.

नांदेड सोडून लातूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात आमची विष्णुपुरी येते. गोदावरीवरचे धरण, काठावरचे काळेश्वराचे देऊळ, इंजिनिअरिंग कॉलेज, विद्यापीठ आणि आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे मोठे रुग्णालय, एवढा सगळा पसारा या एका गावाभोवती आहे. आमचे यजमान इथल्या कॉलेजात नोकरीला लागले तेव्हापासून आम्ही इथलेच झालो. दोन्ही मुले इथेच वाढली. धाकटी लग्न होऊन पुण्याला गेली, नोकरी करू लागली, आणि गेल्या वर्षी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, पहिल्या बाळंतपणासाठी रीतीप्रमाणे माहेरी आली.

डोहाळजेवण अगदी थाटात झाले. फुलांची वाडी भरली, झोपाळा सजवला, शेजारणींनी गाणी म्हटली. ताटात काय नव्हते ते विचारा! तिला आंबट हवे म्हणून चिंचेचे सार, तिखट हवे म्हणून आमच्याकडचा ठेचा, गोड हवे म्हणून पुरणपोळी. दोन वाट्या झाकून ठेवल्या आणि तिला एक उघडायला सांगितली. पेढा निघाला. सगळ्याजणी हसल्या, विहीणबाई सर्वांत जास्त.

डोहाळे या शब्दामागे केवढा विचार आहे पाहा. गर्भिणीच्या ठायी दोन हृदये असतात, एक तिचे आणि एक बाळाचे, म्हणून आपल्या जुन्या वैद्यांनी तिला दौहृदिनी म्हटले. चरक-सुश्रुतांनी बजावून ठेवले की तिची इच्छा मोडू नये. म्हणजे पोटुशी बाईला मन असते आणि ते सांभाळावे लागते, हे आपल्याला फार पूर्वीपासून माहीत आहे. मग बाळ जन्माला आले की हे शहाणपण कुठे जाते?

श्रावणात मुलगी झाली. "बाळ-बाळंतीण सुखरूप," असा निरोप आम्ही गावोगावच्या नातेवाइकांना धाडला. या तीन शब्दांतला पहिला शब्द त्या दिवसापासून घरात राजासारखा नांदू लागला. बाळ झोपले का, बाळाने शी केली का, बाळाचे नाक कुणावर गेले आहे. दुसऱ्या शब्दाची चौकशी फक्त एका बाबतीत होई, "दूध पुरते ना तिचे?"

माझ्या बाजूने मी काही कमी केले नाही, निदान मला तसे वाटत होते. डिंकाचे लाडू झाले, अळिवाची खीर झाली, ओवा-बाळंतशेपा झाला, सकाळी तेल लावून कढत पाण्याची आंघोळ आणि मग शेक. पाचवीला पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवून सटवाईची पूजा मांडली. बाराव्या दिवशी बारसे झाले. मालिशला गावातल्या एक मावशी येत. आशाताई ठरल्या दिवशी येऊन बाळाचे वजन करीत, ताप बघत. बाळाचे वजन चांगले वाढत होते.

लेक मात्र वाळत होती. बाळ झोपले तरी ती झोपत नसे. उठून उठून त्याच्या नाकाशी बोट नेऊन श्वास चालू आहे ना ते बघे. लाडू बशीत तसाच राही. जी मुलगी कॉलेजात असताना आरशासमोरून हलत नसे, ती चार-चार दिवस केसांना कंगवा लावीना. "माझं दूध पुरत नाही. मला काहीच जमत नाही. दुसरी कुणी आई असती तर बरं झालं असतं हिचं," असे एकदा म्हणाली. मी काय उत्तर दिले असेल? जे तुमच्या-माझ्या आयांनी दिले तेच. "अग, आम्ही नाही का काढली बाळंतपणं? तेव्हा ना गीझर होते ना वॉशिंग मशीन. तुला तर सगळं हातात मिळतंय."

यावर ती काही बोलली नाही. मी समजले, पटले.

पाचव्या आठवड्यात एके सकाळी मालिशवाल्या मावशी तेलाची वाटी ठेवायला स्वयंपाकघरात आल्या आणि दाराशीच घुटमळल्या.

"बाई, एक बोलू का? राग नका धरू."

"बोला की."

"लेक तुमची न्हाणीत रडती. नळ सोडून रडती, तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. मह्या हाताला कळतंय, अंग लाकडावानी झालंय तिचं. लेकराचं समदे इचारतेत, बाई. मायचं कोन इचारतंय?"

मला राग आलाच. आपल्या लेकीचे दुसऱ्या बाईने आपल्याला सांगावे! पण त्याच दिवशी तिन्हीसांजेला मी देवापाशी दिवा लावत होते आणि लेक दारात येऊन उभी राहिली. फार शांतपणे म्हणाली, "आई, मी नसले तर तू हिला सांभाळशील ना?"

माझ्या तोंडून गेले, "दिवेलागणीच्या वेळी अभद्र बोलू नये." ती परत फिरली. तिची ती पाठ मला अजून दिसते. तेवढ्यात सकाळचे मावशींचे शब्द आठवले, आणि दिवा तसाच टाकून मी तिच्या मागे गेले. बाळाच्या पलीकडे बसले. काय विचारावे ते कळेना. शेवटी एवढेच म्हटले, "तुला काय होतंय ते मला सांग. मी मध्ये बोलणार नाही."

आणि खरेच बोलले नाही. तासभर ती बोलत होती. आपल्याला बाळाविषयी काहीच वाटत नाही, आणि वाटत नाही याची लाज वाटते. रात्री भलते विचार येतात. आपण सगळ्यांवर ओझे आहोत. पुण्याहून फोन आला की नवरा बाळाचा चेहरा दाखव म्हणतो. आपला चेहरा कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून ती फोन तिरका धरते. विहीणबाई बारशाला म्हणाल्या होत्या, "असू दे, पहिली बेटी, धनाची पेटी. पुढच्या वेळी बघू." ते "पुढच्या वेळी" तिच्या कानातून जात नव्हते. शेवटी मी विचारले, "जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं का?" हे विचारताना माझी जीभ अडखळली. तिने मान हलवली, "येतं." आणि कितीतरी दिवसांनी तिने माझ्या मांडीवर डोके ठेवले.

मैत्रिणींनो, हा प्रश्न विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. डॉक्टर सांगतात की विचारल्याने माणसाला सुटल्यासारखे वाटते. त्या रात्री मी तिच्याजवळ झोपले, जावईबापूंना फोन करून ताबडतोब निघायला सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी तिला मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेले.

दवाखान्याच्या दारातली पाटी वाचून मी पदर डोक्यावरून पुढे ओढला होता, हेही सांगून टाकते. कुणी ओळखीचे भेटले तर काय सांगायचे, याची जुळवाजुळव मी रिक्षातच करून ठेवली होती. आत गेल्यावर डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न लेकीला विचारला, "रात्री सलग किती वेळ झोप मिळते?" मग खाणे, रडणे, भीती, कशात जीव रमतो का, नवऱ्याशी कसे आहे. रक्त आणि थायरॉइड तपासायला सांगितले, कारण रक्त कमी असले किंवा थायरॉइड बिघडली तरी माणूस असे गळून जाते. मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "तुमच्या घरात बाळंतपणानंतर असा त्रास कुणाला झाला होता का? तुम्हाला स्वतःला?"

मी म्हटले, "नाही."

हे खोटे होते.

१९९० साल. मोठ्याच्या पाठीवर धाकटी झाली तेव्हाची गोष्ट. माझी आई वारली होती, म्हणून सासूबाई उदगीरहून आल्या होत्या. त्यांनी माझे जे केले ते पोटच्या लेकीचेही कुणी करणार नाही. पहाटे उठून चूल, माझे न्हाऊ-माखू, धुरी, शेगडी. आणि मी? मी दिवसभर खिडकीतून बाहेर बघत बसे. मोठा चार वर्षांचा होता, तो येऊन बिलगला तरी मला त्याचा स्पर्श नको वाटे. एके दुपारी सासूबाई देवळात गेल्या होत्या. पाळण्यात ही रडू लागली. भूक लागली होती तिला, मला कळत होते. मी हातभर अंतरावर बसले होते आणि उठले नाही. ती रडून रडून निळी झाली, मग आपसूक झोपली. मी जागची हलले नाही. अंगात जणू शिसे ओतले होते.

सासूबाईंनी दृष्ट काढली, ताईत बांधला. त्यांना जे माहीत होते ते त्यांनी केले. कुणी म्हणाले बाळंतरोग, कुणी म्हणाले बाहेरचे काही. यजमान सांजेला येत आणि दारातूनच विचारीत, "बाळ कसं आहे?" आठ-नऊ महिने असे गेले, मग हळूहळू ढग पांगले. पण त्या दुपारची गोष्ट मी चौतीस वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. आपण वाईट आई आहोत, आणि हे फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, असे धरून मी जगले. कदाचित म्हणूनच दुसऱ्यांना घरसंसाराचे धडे देणारे हे सदर इतक्या हौसेने लिहीत आले.

पुढच्या भेटीच्या आधी मी लेकीला ते सांगितले. ज्या मुलीच्या रडण्याला मी उठले नव्हते, तीच समोर बसली होती. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे तुलाही झालं होतं? आणि तू बरी झालीस?" मला वाटले होते ती रागावेल. तिने त्यातून धीर घेतला. डॉक्टरबाईंनाही मी खरे सांगितले. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आईला झालेलं असलं तर लेकीला होण्याचा संभव जास्त असतो. आधी माहीत असतं तर सातव्या महिन्यापासूनच लक्ष ठेवलं असतं."

म्हणजे माझे मौन लेकीला महागात पडले होते. यासाठीच हा लेख.

आता थोडे शास्त्र. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येणे, चिडचिड होणे, हे निम्म्याहून अधिक बायकांना होते. शरीरातली द्रव्ये एकदम उतरतात, झोप मोडलेली असते. प्रेमाने वागवले, विश्रांती दिली की दोन आठवड्यांत हे आपोआप जाते. दोन आठवडे उलटूनही उदासी, भीती, अपराधीपणा, झोप न येणे चालूच राहिले, तर मात्र तो आजार समजावा. त्याला नैराश्य म्हणतात. तो गरोदरपणातही येतो आणि बाळंतपणानंतर वर्षभरात केव्हाही येऊ शकतो. भारतात झालेल्या ३८ पाहण्यांचा एकत्र हिशेब २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आला. त्यात वीस हजारांवर माता होत्या, आणि शंभरांतल्या सुमारे २२ जणींना हा त्रास होता. म्हणजे पाच पाळण्यांमागे एक आई. तुमच्या बिऱ्हाडाच्या इमारतीत किती पाळणे हलतात ते मोजून पाहा.

तिसरा प्रकार क्वचित, हजारांत एक-दोघींना होणारा, पण घात करणारा. पहिल्या दोन आठवड्यांत एकाएकी झोप पार उडते, बाई असंबद्ध बोलते, नसलेले आवाज ऐकते, बाळाविषयी चमत्कारिक समजुती करून घेते. तिथे एक दिवसही दवडू नये. देवऋषी, अंगारे यांत वेळ न घालवता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वेळीच उपचार झाले तर हाही आजार पूर्ण बरा होतो.

हे सगळे शहरी, शिकलेल्या बायकांचे थेर आहेत, असे आमच्याकडच्या एक आजी म्हणाल्या. त्यांच्यासाठी गोव्याची हकिकत सांगते. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हापशाच्या रुग्णालयात येणाऱ्या २७० गरोदर बायकांची पाहणी केली. ती २००२ साली प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शंभरांत २३ जणी नैराश्यात आढळल्या. त्यांतल्या बहुतेकींचे मन गरोदरपणातच खचलेले होते. आणि निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही तशाच होत्या, आपोआप बऱ्या झाल्या नव्हत्या. गरिबी आणि नवऱ्याशी बेबनाव ही मोठी कारणे निघाली. आणखी एक कारण निघाले, ते आपण सर्वांनी नीट वाचावे: मुलगी होणे. पेढा आणि बर्फीच्या खेळात आपण हसतो खरे. पण वाटी उघडणारीच्या मनावर त्या हसण्याचे काय ओझे पडते, हे त्या पाहणीने आकड्यांत दाखवले. त्याच गोव्यातल्या पाहणीत असेही दिसले की ज्यांच्या आया अशा आजारी होत्या, ती बाळे सहाव्या महिन्यात वजनाला कमी भरण्याचा संभव जास्त. तेव्हा ज्यांना फक्त बाळाचीच काळजी आहे, त्यांनीही आधी आईकडे पाहावे.

आणि उपाय? तो ऐकून मला आमच्या मावशी आठवल्या. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत गावातल्याच आरोग्यसेविकांना थोडे शिक्षण दिले. त्या घरी जात, बाईचे ऐकून घेत, तिच्या मनातल्या काळ्या विचारांना दुसरी बाजू दाखवत, सासू-नवऱ्यालाही बोलण्यात घेत. २००८ साली त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी, जिथे अशा सेविका गेल्या तिथे शंभरांत २३ माता आजारी राहिल्या. जिथे असे शिक्षण न घेतलेल्या सेविका नेहमीप्रमाणे नुसत्या जाऊन आल्या तिथे ५३. पुढे गोव्यात हेच काम शेजारपाजारच्या साध्या बायकांनी केले. तिथे फरक इतका मोठा पडला नाही, पण पडला. मालिशवाल्या मावशींजवळ कसलीही पदवी नव्हती. त्यांच्या हाताला कळले, आणि बोलण्याचे धाडस त्यांनी केले. घरातल्या चार पदवीधरांना ते जमले नव्हते.

म्हणजे औषधे नकोत असे मात्र समजू नका. माझ्या लेकीला गोळ्या द्याव्या लागल्या. दूध पाजणाऱ्या आईला चालतील अशा गोळ्या असतात. कोणत्या ते डॉक्टरांनीच ठरवायचे. त्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात आणि बरे वाटले तरी त्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात. आमच्याकडे शेजारच्या काकूंनी सल्ला दिला होता, "एकदा सुरू झाल्या की जन्मभर सुटत नाहीत." तसे काही नाही. लेकीच्या गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करीत आणल्या.

गोळ्यांइतकेच महत्त्वाचे औषध म्हणून डॉक्टरबाईंनी कागदावर लिहून दिले ते असे: रात्री सलग पाच तास झोप. ही कशी द्यायची? जावईबापू रजा काढून आले होते. पहिली पाळी त्यांची, पहाटेची माझी. पाजण्यापुरते बाळ आईकडे, बाकी ढेकर काढणे, लंगोट बदलणे, आंदुळणे आमच्याकडे. चौथ्या रात्री जावईबापू लाल डोळ्यांनी स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "आई, ही गेले दीड महिना हे एकटी करत होती?" मी म्हटले, "हो. आणि आपण सगळे बाळाचा चेहरा बघत होतो." गोष्टी अशा कळतात. गोळ्या कपाटात माझ्या ताब्यात, लेक एकटी राहणार नाही, आणि रोज संध्याकाळी काळेश्वराच्या बाजूला अर्धा तास फिरणे, एवढा आमचा नेम होता. नदीकाठाला पहिले काही दिवस मी तिचा हात धरूनच चालत असे.

विहीणबाईंना मीच फोन केला. भांडायला म्हणून केला होता. पण बोलता बोलता त्यांचाच आवाज भरून आला. त्यांनाही पहिल्या मुलीच्या वेळी हेच ऐकावे लागले होते. आपल्याला लागलेला काटा आपण सुनेच्या पायात कसा बोचवतो, ते आपले आपल्याला कळत नाही. त्यांनी लेकीला जे पत्र लिहिले ते मी वाचले नाही, पण लेकीने जपून ठेवले आहे.

ज्यांच्या गावात असे डॉक्टर नाहीत त्यांच्यासाठी: सरकारने २०२२ सालापासून टेलिमानस नावाची फोनसेवा सुरू केली आहे. १४४१६ हा नंबर, रात्रंदिवस, फुकट, आणि मराठीत बोलता येते. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातही मनोविकारांची ओपीडी असते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत तर २००९ सालापासून असा एक विभाग आहे की जिथे आई आणि तान्हे बाळ दोघांना एकत्र दाखल करून घेतात. "दाखल केलं तर बाळाला तोडतील," या भीतीने कित्येक घरे गप्प बसतात. त्यांनी हे लक्षात ठेवावे की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातच लिहिले आहे: उपचार घेणाऱ्या आईपासून तिचे तीन वर्षांखालचे मूल सामान्यतः वेगळे करायचे नाही.

आणि घरच्या घरी कोणता प्रश्न विचारायचा, असे म्हणाल तर त्याचीही एक यादी आहे. स्कॉटलंडमध्ये १९८७ साली तयार झालेली ही दहा प्रश्नांची यादी आता जगभर वापरतात. त्यात अवघड काही नाही. गेल्या सात दिवसांत मोकळे हसू आले का, उद्याची काही ओढ वाटली का, उगाच स्वतःला दोष दिला का, कारण नसता घाबरायला झाले का, झोप उडाली का, आणि शेवटी, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटले का. बाळाचे वजन करायला आपण घरी काटा मागवतो. एवढे दहा प्रश्न आईला विचारायला काय हरकत आहे?

या आठवड्यात धाकटी पुण्याहून दिवाळीला आली आहे. नात भिंत धरून चालते, आणि तिच्यापासून फराळाचे डबे वाचवणे हेच मला एक काम होऊन बसले आहे. लेक अगदी पूर्वीसारखी झाली असे मी म्हणणार नाही. अधूनमधून तिचा एखादा दिवस जड जातो. फरक एवढाच की आता ती नळ सोडून रडत नाही, येऊन सांगते, "आई, आज बरं नाही." आणि मी हातातले काम ठेवते. हा लेख तिला वाचून दाखवला तेव्हा म्हणाली, "छापायला दे. फक्त माझं नाव घालू नकोस." मग क्षणभराने म्हणाली, "तुझं मात्र राहू दे."

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत फराळाला म्हणून तुम्ही एखाद्या घरी जाल आणि तिथे पाळणा हलत असेल. झबले-टोपरे, खुळखुळा घेऊन जाल, ते अवश्य न्या. पण पाळण्याकडे वळण्याआधी क्षणभर बाजेवरच्या आईजवळ बसा. तिला विचारा, "तू कशी आहेस? तुला काय हवंसं वाटतं?" ती म्हणेल, "मी बरी आहे." तिला तसे म्हणायची सवय लावलेली असते. लगेच उठू नका. थोडे बसून राहा.

सातव्या महिन्यात आपण तिचे डोहाळे इतक्या हौसेने पुरवले. बाळंत झाल्यावरही तिला डोहाळे लागतात: झोपेचे, दोन शब्दांचे, कुणीतरी आपल्याकडे पाहावे याचे. तेवढे पुरवू या. मग "बाळ-बाळंतीण सुखरूप" हा निरोप खुशाल गावभर धाडावा.

सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा. चकल्या पुढच्या वर्षी.